सुमे, या लसीच्या बॅचवर सही कशी करू?

पुणे, रविवार रात्र

प्रिय सुमे,

पाच महिन्यांत तुला एक ओळ लिहिली नाही. फोनवर "बरी आहेस ना" विचारून ठेवून दिलं, ते काही बोलणं नव्हे. रागव हवं तर, पण आधी हे शेवटपर्यंत वाच. माझी तब्येत ठीक, आईची साखर आहे तिथेच आहे.

मंगळवारी आमच्या लाळ्या-खुरकुताच्या लसीतल्या ओ टाइप विषाणूच्या बॅचची ग्रेडियंट लावली. तू शिकवलंस तसे साखरेचे थर नळीच्या भिंतीवरून ओघळत सोडले, तळाला 45 टक्के, वर 15. फिरवून झाल्यावर नळी पंपाला जोडली आणि 259 नॅनोमीटरवर रेषा बघत बसले. 146एस, म्हणजे विषाणूचा अख्खा कण, जिथे उठतो तिथे डोंगर सोड, साधं टेकाडही नाही. वर हलक्या थरात, 12एसच्या, म्हणजे फुटलेल्या तुकड्यांच्या, जागी, भला मोठा फुगवटा. दुसरी नळी लावली, तिसरी लावली. तेच.

मग फ्रिजमधून इनॅक्टिव्हेशनच्या, म्हणजे विषाणू मारण्याच्या, आधीचा नमुना काढला. बाटली हातात घेतल्याबरोबर कळलं. आम्लता दाखवणारा त्यातला रंग, फिनॉल रेड, पिवळा पडलेला. टेबलावरच्या मीटरवर पीएच 6.5. टाकीचा मीटर मात्र रात्रभर 7.6 दाखवत होता, प्रोब बिघडलेला. ओ टाइप आम्लात कसा ढासळतो हे तुला मी काय सांगू! सातच्या खाली गेलं की कवचाचे बारा तुकडे सुटे. जनावराच्या पेशीत शिरल्यावर उघडायची ती त्याची नेहमीची रीत, ती आमच्या टाकीतच पार पडली.

आणि खरी गोम पुढेच आहे. विषाणू मारायचं रसायन, बीईआय, नीट तयार झालं होतं, नॅफ्थॉल व्हायोलेटचा जांभळा रंग जाऊन नारिंगी आला, मात्रा बरोबर, शेवटी उरलेलं बीईआय निकामी करायला थायोसल्फेटही घातलं. विषाणू मरण्याचा आलेख तर इतका सरळ आला की साहेबांनी मीटिंगमध्ये पडद्यावर लावला. सरळ येणारच ना गं! बीईआय घालायच्या आधीच आम्लाने अर्धं काम केलं होतं. फुटलेला कण संसर्ग करत नाही, म्हणून चाचणीत तो मेलेलाच दिसतो. सुरक्षितता चाचणी पास, प्रथिनांचं मोजमाप पास, प्रतिपिंडांनी विषाणूचं प्रथिन मोजणारी एलायझाही पास, कारण आमची एलायझा अख्खा कण आणि तुकडा यांत फरक करत नाही. बुंदीचा लाडू फुटला तरी वजन तेवढंच भरतं, तसं हे. गाईच्या शरीराने ओळखायचा तो लाडू. नुसत्या बुंदीवर तिची प्रतिकारशक्ती जेमतेम जागी होते.

साहेब म्हणतात, एलायझाच्या आकड्यावर डोस ठरवू. "विषाणू मेलाय, मग तू अडवतेस कशाला?"

हे वाक्य ऐकलं आणि एमएस्सीचा सेमिनार आठवला. तूही हेच म्हणाली होतीस, मेला म्हणजे मेला, फॉर्मालिन स्वस्त आहे, वापरा. आपण चार दिवस बोललो नव्हतो आणि मेसच्या मावशींनी एकाच ताटात दोघींना पिठलं वाढून समेट घडवला होता. तेव्हा मी 1955 चं पोलिओ लसीचं प्रकरण काढलं होतं, फॉर्मालिनमधूनही जिवंत विषाणू उरला होता ते. तू म्हणालीस, तो मारण्यातला दोष, आकाराचा नव्हे. ते तुझं बरोबर होतं, आज कबूल करते. पण मग बाईंनी आरएसव्ही, म्हणजे तान्ह्या मुलांच्या श्वसनमार्गाला होणाऱ्या विषाणूच्या, 1966 च्या लसीचं सांगितलं. अमेरिकेत फॉर्मालिनने मारलेल्या विषाणूची लस तान्ह्या मुलांना दिली. पुढे संसर्ग झाला तेव्हा त्यांतली 80 टक्के मुलं रुग्णालयात गेली, लस न घेतलेल्यांत 5 टक्के. दोन बाळं दगावली. विषाणू तर तिथेही मेलेलाच होता. तू वर्गातून उठून गेली होतीस. त्या विषाणूच्या पृष्ठभागावरचं प्रथिन पेशीशी एकजीव होण्याआधी कसं दिसतं, ते 2013 मध्ये कळलं, आणि लस म्हणून द्यायचं ते हेच रूप. जुन्या लसीत ते बहुतेक उलगडून गेलेलं होतं. मुलांना त्रास व्हायला आणखीही कारणं होती, पण हे त्यातलं मोठं.

आपल्या लसीने कुणाचा जीव जाणार नाही, मला माहीत आहे. पण तुझ्या काकांच्या गोठ्यातली ती खिलार आठवते मला. तोंडात फोड, लाळेची तार जमिनीपर्यंत, खुरात जखम, पुढ्यातल्या कडब्याला तोंड लावत नव्हती. काका म्हणत होते, "लस तर टोचली होती की." मी तेव्हा मान खाली घातली होती. ती लस का लागू पडली नाही ते मला आजही ठाऊक नाही. पण या बॅचचं मला ठाऊक आहे, सुमे. ठाऊक असून सही केली तर पुन्हा त्या गोठ्यात कुठल्या तोंडाने जाऊ?

शुक्रवारपर्यंत सही मागितली आहे. घरी कुणाला सांगितलं नाही. सांगायचं तरी काय, साखरेच्या नळीत डोंगर दिसला नाही म्हणून झोप लागत नाही?

तुझ्या सासूबाईंचा गुडघा कसा आहे? चिन्मयी दहावीला ना यंदा? तिला माझे आशीर्वाद. आणि कॉलेजच्या तासांवर कुरकुरणं बंद कर, तुझ्यासारखं शिकवणारं मला कुणी भेटलं नाही.

एक काम कर. ओ टाइप वेगवेगळ्या पीएचला ठेवून आपण तासातासाला ग्रेडियंट लावल्या होत्या, त्याची निळी वही तुझ्याकडे आहे. सांगलीला माळ्यावर ट्रंकेत असेल. 6.5 च्या पानाचा फोटो पाठव, दोन्ही बाजूंचा, तारखेसकट. बुधवारच्या आत. ते पान साहेबांच्या टेबलावर ठेवते आणि बॅच टाकून द्यायची असं लिहून देते.

तुझी,
मंजू