शोधनिबंधांतील जुळे शब्द

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शोधनिबंधांच्या इंग्रजी मसुद्यांवरून भाषेच्या दृष्टीने हात फिरवण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आहे. मसुद्यासोबत परीक्षकांचे शेरे येतात आणि त्यांत 'भाषा सुधारावी' हे दोन शब्द हमखास असतात. कोणता शब्द, कोणत्या पानावरचा आणि का, याचा मात्र पत्ता नसतो. माझी तक्रार या शेऱ्याबद्दल आहे, कारण भाषेची म्हणून जी चूक बाजूला सारली जाते ती पुष्कळदा विषयाचीच चूक असते आणि ती पकडणे माझ्यासारख्याच्या आवाक्यातले नसते.

'अफेक्ट' आणि 'इफेक्ट' ही जोडी सर्वांच्या परिचयाची आहे. पहिले सहसा क्रियापद आणि दुसरे सहसा नाम, एवढा नियम बहुतेकांना पाठ असतो. तरीही घोटाळा होतो, कारण मराठीत 'परिणाम होतो', 'परिणाम करतो' आणि 'परिणाम दिसला' असे काहीही म्हटले तरी शब्द एकच राहतो आणि नाम-क्रियापदाच्या भेदाकडे आपले लक्षच जात नाही. त्यातून 'इफेक्ट' अधूनमधून क्रियापद म्हणूनही येतो, तेव्हा त्याचा अर्थ 'घडवून आणणे' असा असतो. एखाद्या धोरणाने सुधारणांवर परिणाम केला आणि त्या धोरणाने सुधारणा घडवून आणल्या, ही दोन सर्वस्वी निराळी विधाने आहेत. इंग्रजीत त्यांच्यामध्ये एका अक्षराचे अंतर आहे. दोन्ही शब्द कोशात असल्यामुळे संगणकाची लाल रेघही येथे बहुधा उमटत नाही.

'प्रिन्सिपल' या उच्चाराचे दोन शब्द आहेत, एक 'प्रमुख' या अर्थाचा आणि दुसरा 'तत्त्व' या अर्थाचा, आणि देवनागरीत तर ते अक्षरशः एकच दिसतात. संख्याशास्त्रातील 'प्रिन्सिपल कम्पोनंट अ‍ॅनॅलिसिस' ही पद्धत प्रमुख घटक शोधते, तत्त्वे नव्हे. कार्ल पिअर्सन यांनी १९०१ मध्ये मांडलेल्या या कल्पनेची एका प्रबंधातील सारणीच्या शीर्षकात 'तत्त्व' अशी वासलात लागलेली मी स्वतः दोनदा वाचूनही सोडून दिली होती, हे येथे कबूल केलेले बरे.

या चुकीने फार तर हसे होते. खरी अडचण 'इन्सिडन्स' (ठरावीक काळात नव्याने होणाऱ्या रुग्णांचे प्रमाण) आणि 'प्रिव्हलन्स' (एखाद्या वेळी असलेल्या एकूण रुग्णांचे प्रमाण) यांसारख्या शब्दांची आहे, कारण मराठीत बोलताना आपण दोन्हींना 'रोगाचे प्रमाण' म्हणून मोकळे होतो. समजा, हजार माणसांच्या वस्तीत वर्षाच्या पहिल्या दिवशी ४० जणांना एखादा दीर्घकालीन आजार आहे आणि उरलेल्या ९६० पैकी १२ जणांना तो वर्षभरात नव्याने झाला. वर्षारंभीचे प्रिव्हलन्स ४ टक्के झाले, तर वर्षाचे इन्सिडन्स सव्वा टक्का. आता आजार बरा न करता रुग्णांचे आयुष्य वाढवणारे औषध आले, तर नवे रुग्ण पूर्वीइतकेच राहूनही प्रिव्हलन्स वाढत जाईल. ही वाढ ज्याने 'इन्सिडन्स' या शब्दाने नोंदवली, त्याने आजार पूर्वीपेक्षा वेगाने जडत आहे असे लिहिले, आणि औषधाचे यश त्याच्या वाक्यात रोगाचा फैलाव होऊन बसले. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असल्यामुळे भाषा तपासणाऱ्याने ते ओळखावे तरी कसे?

'अचूक' या आपल्या शब्दाचेही तसेच. शंभर ग्रॅमचे प्रमाणित वजन तीनदा ठेवल्यावर तराजूने ९७.२, ९७.१ आणि ९७.२ दाखवले, तर आकडे एकमेकांशी जुळतात म्हणून त्याच्या मोजणीत 'प्रिसिजन' आहे, पण ते खऱ्या वजनाशी जुळत नाहीत म्हणून 'अ‍ॅक्युरसी' नाही. मसुद्यांत मात्र हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास येतात, बहुधा एकच शब्द पुन्हा नको म्हणून. ललित लेखनात ही हौस ठीक आहे. शोधनिबंधात एका संकल्पनेला पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच शब्द असावा, मग तो कानाला कितीही कंटाळवाणा वाटो.

म्हणून मार्गदर्शकांना आणि परीक्षकांना माझी विनंती आहे की अशा शब्दाखाली त्यांनी स्वतः रेघ ओढावी आणि समासात 'येथे नवे रुग्ण अभिप्रेत आहेत की एकूण?' एवढा प्रश्न लिहावा. 'द' हे उपपद कोठे हवे आणि स्वल्पविराम कोठे नको, ते आम्ही पाहून घेऊ.

आपला नम्र,
एक वाचक