रात्री बोका घेऊन जायचे कुठे?

गेल्या आठवड्यात रात्री साडेदहाला आमचा बोका मातीच्या ट्रेमध्ये सारखा जाऊन बसत होता. कण्हत होता, पण लघवीचा थेंबही येत नव्हता. बोक्यांचा मूत्रमार्ग अरुंद असतो. तो तुंबला तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. डोंबिवलीतल्या पाच दवाखान्यांना फोन केले, चार बंद. पाचव्याने तपासण्याआधीच आठ हजार अनामत मागितली. महिनाअखेरीस एवढे पैसे कुठून आणायचे? शेजाऱ्यांकडून उसने घेतले. नळी घालून लघवी मोकळी केली, बोका वाचला.

परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे, पण तडफडणारे जनावर घेऊन इतक्या लांब रात्री कसे जायचे? शासनाची १९६२ या फोन क्रमांकावरची पशुवैद्यकीय सेवा आहे, तिचा भर मुख्यतः गुराढोरांवर. महापालिकेने खासगी पशुवैद्यकांशी बोलून रात्रपाळी आळीपाळीने ठरवून द्यावी आणि नळी, सलाईन, टाके यांचे दर दवाखान्याच्या दारावर लावायला सांगावेत. जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात कुत्र्या-मांजरांसाठी संध्याकाळची वेळही हवी. नोकरदार माणूस सकाळी जाणार कसा?

– एक वाचक, डोंबिवली (पूर्व)