खाली उभ्या असलेल्या माणसालाही शिकवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चाकण एमआयडीसीत गेली 19 वर्षं मी शेड उभारणीच्या आणि इलेक्ट्रिकलच्या कामांवर साइट सुपरवायझर आहे. उंचीवर काम करणाऱ्या माणसांच्या प्रशिक्षणाबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. आता राहवत नाही म्हणून लिहितो आहे.

चाकण, तळेगाव, रांजणगाव या पट्ट्यात आज मोठी शेड म्हटली की बूमलिफ्ट किंवा सिझर लिफ्ट, म्हणजे माणसाला कठड्याच्या बास्केटमध्ये उभं करून उंचावर नेणारी मशीन, आलीच. मी कामाला लागलो तेव्हा पाइपांची परांची बांधायची, नाहीतर शिडी लावून वर चढायचं. मशीन आली हे चांगलंच झालं. परांचीवरून पडलेली माणसं मी पाहिली आहेत, त्या दिवसांकडे परत जावं असं मी कधीच म्हणणार नाही. पण ही मशीन महिन्याच्या भाड्याने येते. सोबत कधी ऑपरेटर येतो, कधी येत नाही. आणि ती वापरायला शिकवणं कोणाच्याच बिलात नसतं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. कंपनीचं, ठेकेदाराचं नाव घेत नाही. केबल ट्रेचं, म्हणजे छताखालून केबल नेणाऱ्या लोखंडी पन्हळीचं काम चालू होतं, छत साधारण 11 मीटरवर. ऑपरेटर चहाला गेला होता आणि किल्ली मशीनलाच होती. आमचा एक वायरमन, नांदेडकडचा पोरगा, कामाला अतिशय चांगला, 'दोन क्लॅम्पच तर लावायचे आहेत' म्हणून एकटाच बास्केटमध्ये चढला. वर जाताना त्याचं लक्ष बाजूच्या ट्रेकडे होतं. डोक्यावरचा पर्लिन, म्हणजे छताचे पत्रे ज्यावर बसतात तो आडवा लोखंडी वासा, त्याला दिसलाच नाही. पाठ पर्लिनला टेकली आणि छाती खाली कंट्रोलच्या पेटीवर दाबली गेली. पाय पेडलवर होता, तो त्याला काढता येईना. अंगाच्या भाराने खटका दाबलेलाच राहिला आणि बास्केट आणखी वर रेटत राहिली. तो ओरडलासुद्धा नाही. ओरडायला छातीत हवा लागते.

खाली आम्ही सहाजण होतो. एका हेल्परने प्रसंगावधान राखून मशीनच्या खालच्या कंट्रोल पॅनलवरचं मोठं लाल बटण दाबलं आणि मशीन थांबली. पण पुढे काय? बास्केट खाली कशी आणायची हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. एकजण शिडी आणायला धावला, दुसऱ्याने हायड्रावाल्याला, म्हणजे फिरत्या क्रेनवाल्याला, फोन लावला. मी सुपरवायझर, आणि मी त्या पॅनलसमोर उभं राहून इंग्रजीतली स्टिकर वाचत होतो. माझ्या अंदाजाने सात-आठ मिनिटं गेली असतील. ऑपरेटर धावत आला, लाल बटण बाहेर ओढलं, किल्ली खालच्या कंट्रोलकडे फिरवली, एक खटका धरून ठेवून दुसऱ्याने बूम उतरवली. या सगळ्याला अर्धा मिनिटही लागला नाही.

पोरगा वाचला. तीन बरगड्या मोडल्या होत्या. आता तो गावाकडे मोटार रिवाइंडिंग करतो, उंचीवर चढत नाही. अहवालात 'कामगाराचा निष्काळजीपणा' असं लिहिलं गेलं. प्रशिक्षण दिलं होतं का, तर हो. इंडक्शनच्या, म्हणजे साइटवर घेण्याआधी देतात त्या माहितीच्या रजिस्टरमध्ये त्याची सही होती. त्या सकाळी 28 जणांच्या सह्या होत्या. वीस मिनिटांचा व्हिडिओ, तोही इंग्रजीत, त्यानंतर गेटपास. मी स्वतः त्या खोलीत बसलेलो होतो.

त्या दिवसापासून माझं एकच म्हणणं आहे. रजिस्टरवरची सही म्हणजे प्रशिक्षण नव्हे. आणि शिकवायचं तर बास्केटमधल्या माणसाइतकंच खाली उभ्या असलेल्या माणसाला शिकवा. वरच्याचा जीव त्याच्या हातात असतो.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. अमेरिकेत ओशा ही कामगार सुरक्षेची सरकारी यंत्रणा आहे. तिच्या नियमातच आहे की बूमच्या मशीनला वर आणि खाली दोन्हीकडे कंट्रोल हवेत, खालच्या कंट्रोलला वरच्यावर मात करता आली पाहिजे आणि कोणतं बटण कशाचं ते स्पष्ट लिहिलेलं पाहिजे. आणीबाणी सोडून एरवी वरच्या माणसाच्या परवानगीशिवाय खालून हात लावायचा नाही, हेही तिथेच आहे. प्रशिक्षण कामगाराला समजेल अशा भाषेत दिलं पाहिजे, असं ओशाने 2010 मध्ये वेगळं जाहीर केलं. आपल्याकडे भाड्याने येणाऱ्या मशीनलाही खालचं पॅनल असतंच. मशीन बनवणाऱ्याने आपलं काम केलेलं आहे, पॅनलपुढे उभ्या राहणाऱ्याला काही सांगितलेलं नाही एवढंच.

दुबईत काम करून आलेला एक वेल्डर आमच्याकडे होता. त्याच्या पाकिटात आयपाफ या, अशा मशीनचं प्रशिक्षण देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं कार्ड होतं, पाच वर्षांच्या मुदतीचं. त्यासाठी त्याला लेखी परीक्षा द्यावी लागली होती आणि परीक्षकासमोर मशीन चालवून दाखवावी लागली होती. चाकणमध्ये ते कार्ड त्याला कोणीही कधी विचारलं नाही. त्याच मामांनी मला पहिल्यांदा नीट समजावलं की बूमलिफ्टमध्ये सुरक्षेचा बेल्ट कशासाठी असतो. आमचा समज असा की कठडा आहे, मग बेल्ट कशाला. ते म्हणाले, खालचं एक चाक चेंबरच्या कच्च्या झाकणावर गेलं आणि वीतभर जरी खचलं, तरी पन्नास फुटांवरची बास्केट गोफणीसारखी झटका देते आणि आतला माणूस गोफणीतल्या दगडासारखा बाहेर फेकला जातो. म्हणून हूक बास्केटमधल्या कडीलाच हवा आणि दोरी आखूड हवी. आमची पोरं तो सर्रास शेजारच्या ट्रसला, म्हणजे छताच्या लोखंडी कैचीला अडकवतात, 'ट्रस जास्त मजबूत आहे' म्हणून. मग मशीन हलली की माणूस ट्रस आणि बास्केट यांच्यामध्ये ताणला जातो. ओशाच्या नियमात याला स्पष्ट मनाई आहे. आमच्या व्हिडिओत बेल्ट घाला एवढंच होतं, कुठे अडकवायचा ते नव्हतं.

असे चुकीचे समज मशीनभोवती भरपूर आहेत आणि ते एकाकडून दुसऱ्याकडे जातात, कारण शिकवणारा दुसरा कोणी नसतो. टायर रबराचे आहेत म्हणून शॉक बसत नाही, हा त्यातला सगळ्यात घातक. भाड्याच्या बहुतेक बूमलिफ्टची बास्केट उघड्या लोखंडाची असते. वरच्या माणसाचा एक हात तारेला आणि दुसरा खांबाला किंवा दुसऱ्या फेजला लागला तर खालचे टायर काय करणार? चालू लाइनपासून निदान तीन मीटर लांब राहायचं, विजेचा दाब जास्त असेल तर आणखी लांब, हे पाठ हवं. गणपतीच्या आधी मिरवणुकीच्या रस्त्यांवर फांद्या छाटायला आणि दिवे लावायला ज्या बास्केटच्या गाड्या फिरतात, त्यांच्यावरची माणसं पाहिली की माझा जीव वर-खाली होतो. अनेकदा पायात साध्या चपला असतात आणि गाडीजवळ रहदारी अडवायला कोणी नसतं.

वाऱ्याचंही तसंच. बाहेर वापरायच्या मशीनला साधारणपणे सेकंदाला साडेबारा मीटर, म्हणजे ताशी 45 किलोमीटर एवढीच मर्यादा असते. काही मशीन तर फक्त आत वापरायच्या असतात. आणि आम्ही बास्केटमध्ये पत्रा उभा धरून वर जातो. तो पत्रा म्हणजे शीडच. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच मशीनवर 230 किलो लिहिलेलं असतं. त्यात माणसं, हत्यारं, कॉन्ड्युटचं (वायरिंगच्या पाइपांचं) बंडल सगळं आलं, हे किती जणांना ठाऊक आहे?

कायदा नाही असं कोणी म्हणू नये. 1948 च्या कारखाने कायद्यात उंचीवरच्या कामाची तरतूद आहे, 1996 चा बांधकाम कामगार कायदा झाला, त्याची जागा घेणारी 2020 ची संहिता आली. पण सेफ्टी ऑफिसर ठेवायचं बंधन बघा. जुन्या केंद्रीय नियमांत बांधकामावर 500 कामगारांना होतं, नव्या संहितेत ते 250 वर आलं. उतरलं हे बरंच झालं, पण आमच्या ठेकेदाराकडे 18 माणसं आहेत. या पट्ट्यातलं उंचीवरचं बरंचसं काम अशाच छोट्या टोळ्या करतात. सबठेकेदाराच्या खाली आणखी सबठेकेदार, आणि त्याच्या खाली मुकादमाने नाक्यावरून सकाळी उचललेली माणसं.

पैशाचंही कारण मला पटत नाही. बांधकामाच्या खर्चाच्या 1 टक्का उपकर कामगार कल्याणासाठी गोळा होतो. त्यातून आमच्या नोंदणी झालेल्या पोरांना सुरक्षा संचाच्या पेट्या मिळाल्या, त्याबद्दल कृतज्ञता आहे. पण पेटी घरी नेल्यावर तिच्यातला अंगावरचा सुरक्षा पट्टा पायातून कसा घालायचा, छातीवरची पट्टी किती आवळायची, हे सांगायला कोणी आलं नाही. एका पोराने पायांचे पट्टे नुसते लोंबकळत ठेवले होते, 'चालताना अडकतात' म्हणाला. तसा तो पडला असता तर पट्ट्यातून निसटून खाली आला असता. नीट घातलेल्या पट्ट्यात लटकलेल्या माणसालाही लवकर उतरवावं लागतं, पायांत रक्त साचून तो बेशुद्ध होऊ शकतो. अग्निशमन दल येईपर्यंत वाट बघण्याइतका वेळ नसतो. म्हणजे पुन्हा खालचाच माणूस.

औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आणि बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ यांना माझी विनंती आहे की आयटीआयमध्ये या मशीनचं एक दिवसाचं, प्रत्यक्ष मशीनवरचं प्रशिक्षण सुरू करावं, मराठीत आणि हिंदीत. रोजंदारी बुडते म्हणून माणसं येणार नाहीत, तेव्हा त्या दिवसाची मजुरी उपकरातून द्यावी. मशीन भाड्याने देणाऱ्यावर बंधन घालावं की साइटवर मशीन उतरवताना त्याच्या माणसाने निदान दोघांना खालच्या पॅनलवरून बास्केट उतरवून दाखवावी आणि मग त्यांच्याकडून उतरवून घ्यावी. त्या दोघांची नावं मशीनवर लावावीत. दोघांपैकी एकही हजर नसेल तर किल्ली काढून घ्यावी. तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांनी रजिस्टर मागू नये. समोर दिसेल त्या हेल्परला बोलवावं आणि म्हणावं, 'दादा, ही बास्केट खाली आणून दाखव.'

आमच्या साइटवर आता दर सोमवारी सकाळी काम सुरू व्हायच्या आधी आम्ही हेच करतो. बास्केट चार-पाच फूट वर घेतो आणि एकेकाला खालून उतरवायला लावतो. झाडलोट करणाऱ्या एक मावशीही करतात. त्यांनी पहिल्यांदा उतरवली तेव्हा किल्ली उलटी फिरवली होती. आता त्यांना 20 सेकंद लागतात. मूळ स्टिकर झाकणार नाही अशा बेताने पॅनलच्या दारावर मी मराठीत आणि हिंदीत एक कागद चिकटवला आहे: आधी लाल बटण दाब, माणसाला हाक मार, मग बटण ओढ, किल्ली फिरव, खटका धरून हळू उतरव. पावसात तो दोनदा भिजला. आता लॅमिनेट करून लावला आहे. कोणत्याही साइटला हवा असेल तर मी आनंदाने देईन.

आपला,
एक साइट सुपरवायझर,
चाकण, ता. खेड, जि. पुणे