दादाची राहिलेली तपासणी

प्रिय वसुधा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या मागच्या पत्राचे उत्तर राहून गेले, त्याबद्दल रागावू नकोस. माझी प्रकृती ठीक आहे. गुडघा अधूनमधून कुरकुरतो, एवढेच. आज लिहायला बसले ती दादाच्या काळजीने, आणि तुलाच लिहिते आहे, कारण अण्णांचे दुखणे तू काढले आहेस.

दादाचे पोट बरेच दिवस दुखत होते. रात्री उपाशीपोटी कळ यायची आणि दोन घास खाल्ले की थांबायची. घरात सगळ्यांचे म्हणणे एकच, की तो तापट आहे, जागरणे करतो, म्हणून पित्त होते. अण्णांनाही वर्षानुवर्षे हेच ऐकवले गेले होते ना? अखेर शौचाला काळी, डांबरासारखी होऊ लागली, तेव्हा कुठे तो दुर्बिणीच्या तपासणीला तयार झाला. लहान आतड्याच्या सुरुवातीलाच अल्सर निघाला. जठराच्या अस्तराचा इवलासा तुकडा काढून युरिया असलेल्या पिवळ्या जेलमध्ये ठेवला होता. तो नंतर आम्हांला दाखवला, तेव्हा तुकड्याभोवतीचा पिवळा रंग गडद गुलाबी झालेला होता. म्हणजे जंतू होता. अल्सर करणारा हा हेलिकोबॅक्टर पायलोरी युरियापासून अमोनिया तयार करतो, त्यानेच जेल गुलाबी होते, आणि त्या अमोनियाच्या आडोशाने जठरातल्या आम्लात तग धरतो, हे आपण परीक्षेसाठी कितीदा घोकले होते! दादाच्या बाबतीत ते डोळ्यांसमोर पाहताना मात्र माझ्या पोटात खड्डा पडला.

मग 14 दिवसांचा कोर्स झाला: आम्ल कमी करणारी गोळी, बिस्मथ, आणि टेट्रासायक्लिन व मेट्रोनिडाझोल ही जंतू मारणारी औषधे. तोंडाला सतत धातूची चव, मळमळ, आणि बिस्मथमुळे शौचाला पुन्हा काळी होऊ लागल्यावर घरभर घबराट; डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवले होते म्हणून निभावले. गोळ्यांनीच पोट भरते, आता जेवण कशाला वाढतेस, असे वहिनीला म्हणत म्हणत त्याने कोर्स मात्र पुरा केला.

खरी अडचण त्यानंतरची आहे. दुखणे थांबले, आणि दादाने जाहीर केले की आपण बरे झालो. जंतू गेला की नाही, हे पाहण्याची तपासणी कोर्स संपल्यावर निदान चार आठवड्यांनी करायची असते, आणि तिच्याआधी दोन आठवडे ती आम्लाची गोळी बंद ठेवावी लागते. तो ती गोळी सोडायलाच तयार नाही, कारण सोडली की जळजळ होते. आता तूच सांग, ज्या गोळीमुळे त्याला बरे वाटते, तिच्यामुळे जंतूंची संख्या आणि हालचाल इतकी मंदावते, की जंतू असूनही तपासणीत नाही असे येऊ शकते. त्या दिवसांत साधे अँटासिड चालते, हे मी त्याला कितीदा समजावले! त्यावर त्याचा तोडगा असा, की रक्ताची तपासणी करून टाकू. जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली रक्तातली प्रतिपिंडे जंतू गेल्यावरही कित्येक महिने राहतात, तेव्हा त्या रिपोर्टवरून जंतू आज आहे की नाही हे कळायचे कसे?

आपले ते जुने भांडण आठवते का? हा जंतूच दुखण्याचे मूळ आहे हे दाखवायला डॉक्टर बॅरी मार्शलने 1984 मध्ये स्वतः जंतू पिऊन पाहिले, याचे मला केवढे कौतुक, आणि तू मात्र म्हणायचीस की त्याच्या जठराला सूज आली, अल्सर झाला नव्हता. जंतू नाहीसा केल्यावर अल्सर परत येत नाही, हे अनेक रुग्णांत दिसले, तोच खरा पुरावा. त्यावरून आपला अबोला झाला होता! तुझा तोच मुद्दा मी आज दादापुढे मांडते आहे. अल्सर भरला म्हणजे जंतू गेला असे नव्हे, आणि जंतू राहिला तर अल्सर पुन्हा होण्याची, त्यातून रक्तस्राव होण्याची भीती राहतेच. शिवाय 1994 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या जंतूला कर्करोगकारकांच्या पहिल्या, म्हणजे कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्यांच्या, गटात घातले आहे. बहुतेकांना जठराचा कर्करोग होत नाही, हे मला ठाऊक आहे, पण दादा माझा भाऊ आहे. जंतू उरलाच असेल तर औषधांचा दुसरा संच आहे. आधी कळायला तर हवे.

अण्णांच्या पहिल्या कोर्सनंतर जंतू उरला होता, हे तू हट्टाने फेरतपासणी करायला लावलीस म्हणूनच कळले. दादा ते विसरलेला नाही, आणि तुझा शब्द तो मोडत नाही.

तुझी नवी प्रयोगशाळा सुरू झाली का? मुलीच्या निकालाचे कळव, तिला माझे आशीर्वाद सांग.

रविवारी सकाळी दादा घरी असतो, तेव्हा त्याला फोन कर. श्वासाची तपासणी अगदी सोपी असते, खुणेच्या कार्बनचा युरिया प्यायचा आणि पिशवीत फुंकायचे, हे त्याला तुझ्या तोंडून ऐकू दे. तेही नको म्हणाला तर शौचाची तपासणी सुचव. रक्ताच्या रिपोर्टचा विषय त्याने काढला तर ऐकून घे, पण गोळी कोणत्या तारखेपासून बंद करणार, हे त्याच्याकडून वदवून घेतल्याशिवाय फोन ठेवू नकोस.

तुझी,
शालिनी