आई, पावडर बंद केली आहे

ती. आई आणि बाबा,
सा. नमस्कार.

आई, तुझ्या कोलॅजेन पावडरचा दर महिन्याला घरी येणारा डबा मी बंद केलाय. फोनवर सांगितलं असतं तर तू नुसतं "बरं" म्हणाली असतीस, आणि तुझ्या त्या "बरं"पुढे मला एक शब्द बोलता येत नाही. म्हणून लिहितेय. यात पैशाचा प्रश्न मुळीच नाही, तुझ्यासाठी खर्च करताना मी मागेपुढे बघणार नाही हे तुला माहीत आहे. त्याऐवजी मंगळवारी आणि शुक्रवारी फिजिओथेरपिस्ट घरी येतील, तुम्हा दोघांसाठी. त्यांच्याशी बोलणं झालंय. दहाच्या आत येणार नाहीत, म्हणजे तुमचा चहा, पेपर, आंघोळ सगळं निवांत होईल. जमिनीवर बसायला लावणार नाहीत, तेही विचारून घेतलंय.

तू पावडर सुरू केलीस ती काही उगाच नाही. शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी जवळजवळ एक तृतीयांश कोलॅजेनच असतं. त्वचा, कूर्चा, रक्तवाहिन्यांच्या भिंती, सगळीकडे तेच. हाडांना कडकपणा कॅल्शियममुळे येतो, पण चिवटपणा कोलॅजेनमुळे. त्याचा रेणू तीन पदरांचा, शाळेच्या घाईत तू माझी घालायचीस तशी घट्ट वेणी. (ही रचना १९५४ साली मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी मांडली. बाबा, तुम्हाला हे आवडेल.) ते पदर पक्के बसायला क जीवनसत्त्व लागतं. तेच मिळालं नाही की स्कर्व्ही होतो, हिरड्यांतून रक्त येतं, जखमा भरत नाहीत.

पण पावडर पोटात गेली की ती पचते. तिची अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे सुटे घटक, होतात, काही छोटे तुकडे उरतात, आणि त्यांचं काय करायचं ते शरीर ठरवतं. गुडघ्यासाठी घेतलेलं गुडघ्यातच जाईल असं नसतं. काही चाचण्यांत त्वचेचा ओलावा, गुडघेदुखी यांत थोडा फरक दिसलाय, ते मी नाकारत नाही. मात्र त्यातल्या बऱ्याच चाचण्यांना पावडर बनवणाऱ्यांचाच पैसा होता. एवढ्यावरही मी गप्प बसले असते, तुला बरं वाटतंय ना, मग असू दे म्हणून. पण तू "प्रोटीन झालं की" म्हणत रात्रीचं जेवण टाळायला लागलीस, तेव्हा मात्र राहवेना. कोलॅजेनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतंच. स्नायूंना हवं ते पूर्ण प्रथिन त्यातून मिळत नाही. पडायचं नसेल तर पायांत ताकद हवी, आणि ती जेवणातून आणि व्यायामातूनच येते.

हातावर जरा काही लागलं की निळे डाग येतात म्हणून तू पूर्ण बाह्या घालायला लागलीस ना? पाळी थांबल्यावर पहिल्या पाच वर्षांतच त्वचेतलं सुमारे ३० टक्के कोलॅजेन कमी होतं. त्वचा पातळ होते, आतल्या बारीक रक्तवाहिन्यांना आधार उरत नाही. यात तुझी हयगय कुठेच नाही, आई. लहानपणी मी तुझ्या हातावरची शीर दाबून सोडायचे आणि ती पुन्हा फुगेपर्यंत बघत बसायचे. अजूनही तो हात धरला की मला झोप येते. बाह्या घाल, पण उन्हाने कोलॅजेन तुटतं म्हणून घाल. लपवायला नको. आणि डाग एकदम वाढले तर डॉक्टरांना दाखवायचे, "वयाचं आहे" म्हणून सोडून द्यायचं नाही.

बाबा, आता तुम्ही. गॅलरीतली ती "एकच" मला माहीत आहे. आईने सांगितलेलं नाही, तिच्यावर चिडू नका. सिगरेटमुळे नवं कोलॅजेन कमी बनतं आणि असलेलं लवकर तुटतं. रक्तातली साखर वाढलेली राहिली तर ती कोलॅजेनच्या धाग्यांना चिकटते, धागे ताठर होतात. तुमचा खांदा आखडलाय त्यात तिचाही हात असू शकतो. काकांच्या वेळी तुम्ही सिगरेट एका दिवसात सोडली होतीत. तेव्हा जमलं, आताही जमेल. फिजिओसमोर "मला काही होत नाही" म्हणायचं नाही. आणि जास्तीची प्रथिनं आईसाठी आहेत, तुमचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारी रक्ततपासणी) बघून डॉक्टर सांगतील तेवढीच तुम्ही घ्या.

आई, उरलेली पावडर टाकून द्यायला तुझ्या जिवावर येईल. हवी तर संपव, पण जेवण झाल्यावर. हाडांच्या घनतेची तपासणी पुढच्या सोमवारी ठरवली आहे. मागचा रिपोर्ट कपाटाच्या वरच्या खणात निळ्या फाइलीत आहे, तो बरोबर न्या. गाडी मी पाठवते. फिजिओ पसंत पडले नाहीत तर मला सांगा, मी दुसरे बघेन. परस्पर त्यांना "येऊ नका" म्हणायचं नाही, दोघांनीही.

तुमची,
सोनू