आयातशुल्क घटले, सुटे भागही मिळावेत

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड व लिक्टेनस्टाइन या एफ्टा गटातील चार देशांशी भारताने 10 मार्च 2024 रोजी केलेला व्यापार करार 1 ऑक्टोबर 2025 पासून अमलात आला असून, त्यानुसार स्विस घड्याळांवरील आयातशुल्क सात वर्षांत टप्प्याटप्प्याने शून्यावर येणार आहे. 20 टक्के मूळ शुल्क व त्यावरील समाजकल्याण अधिभार मिळून हा बोजा 22 टक्के होता. 18 टक्के जीएसटी मात्र कायम आहे. अमेरिकेने ऑगस्ट 2025 मध्ये स्विस मालावर 39 टक्के शुल्क लादले आणि नोव्हेंबरमध्ये ते 15 टक्क्यांवर आणण्याचे मान्य केले. सर्वांत मोठी बाजारपेठच अशी डळमळल्यावर स्विस कंपन्यांनी भारताकडे वळावे, हे स्वाभाविकच आहे.

या कराराला माझा विरोध नाही. पण विकलेले घड्याळ पुढे दुरुस्त कोण करणार, याचा विचार कोठेच दिसत नाही.

माझे वडील म्हापशात घड्याळजी होते आणि त्यांचे दुकान आज मी चालवतो. पोर्तुगीज अमदानीत गोव्यात परदेशी माल सहज मिळत असे आणि पुढे बोटीवरून परतणाऱ्या तारवट्यांनीही, म्हणजे खलाशांनीही, घड्याळे आणली. त्यामुळे चावीची जुनी स्विस घड्याळे आमच्याकडे श्रीमंतांच्याच घरात असतात असे नाही. गेल्या पावसाळ्यात शिवोलीचे एक निवृत्त तारवटी आपले बंद पडलेले घड्याळ घेऊन आले. झाकण उघडून भिंगातून पाहिले तर बॅलन्स स्टाफचे, म्हणजे झुलत्या चाकाच्या आसाचे, केसाएवढे टोक मोडले होते. कमान, बालकमान, दातेरी चाके, सगळे ठणठणीत. हा मोडलेला भाग कंपनी आमच्यासारख्या स्वतंत्र कारागिराला विकत नाही. अधिकृत सेवा केंद्राने संपूर्ण घड्याळ पाठवायला सांगितले आणि जो खर्च कळवला, तो त्या गृहस्थांच्या आवाक्याबाहेरचा होता. अखेर वडिलांनी मोडीतल्या घड्याळांतून काढून डब्यात जपलेला एक जुना बॅलन्स स्टाफ जुळला आणि ते घड्याळ चालू झाले. तसा दुसरा आता माझ्याकडे नाही.

काम नाजूक असल्याने ते प्रशिक्षित हातांनीच व्हावे, हा कंपन्यांचा मुद्दा मला मान्य आहे. मग त्यांनी आम्हाला प्रशिक्षण द्यावे, परीक्षा घ्यावी आणि उत्तीर्ण होणाऱ्यांना मूळ भाग विकावेत. याच करारात 15 वर्षांत 100 अब्ज डॉलर गुंतवणूक आणि 10 लाख रोजगारांचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्यातील थोडा वाटा दुरुस्तीच्या प्रशिक्षणाला मिळणे अवघड नाही. मूळ भाग मिळत नाहीत म्हणूनच बनावट भाग खपतात आणि चांगली यंत्रे कायमची बिघडतात, हे मी रोज पाहतो.

ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले, तेव्हा शेती अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक उपकरणे, टिकाऊ गृहोपयोगी वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे निवडली होती. त्यांत चावीच्या घड्याळांचाही समावेश करावा आणि कराराच्या संयुक्त समितीत सुट्या भागांच्या पुरवठ्याचा विषय केंद्राने मांडावा, अशी माझी विनंती आहे. शुल्काचे टप्पे अजून बरेच बाकी असताना गोव्याच्या खासदारांनी यासाठी पाठपुरावा करावा.

आपला नम्र,
एक घड्याळजी, म्हापसा