मनीला सोबत आणण्याआधी

प्रिय वंदना,

तुझं पत्र मिळालं. "मनी दिवसभर एकटी असते, तिला सोबत म्हणून दुसरं मांजर आणावं म्हणते," असं लिहिलंयस. आधी एक सांग, मनी एकटी असते हे खरं, पण तिला एकटं वाटतं हे कशावरून ठरवलंस? मांजर शिकार एकट्याने करतं, खातं एकटं आणि स्वतःची हद्द जिवापाड राखतं. मोकाट मांजरं टोळीने राहतात, पण त्यात बहुतेक आया, मुली, बहिणी असतात. बाहेरून आलेल्या अनोळखी मांजराला त्याही हाकलूनच लावतात. म्हणजे तू सोबतीण म्हणून जिला आणशील, ती मनीच्या लेखी पहिल्या दिवशी सवतच. सवतींचं पुढे पटतंही, पण सुरुवातीचे आठवडे कसे जातात यावर त्यातलं बरंच ठरतं.

म्हणून आधी पंधरा दिवस एक कर. सकाळ-संध्याकाळ दहा-पंधरा मिनिटं काठीला दोरी आणि पीस बांधून मनीला मनसोक्त धावडव, आणि खेळ संपला की लगेच जेवण दे. एवढ्यावर तिचं रात्रीचं ओरडणं आणि तुझ्या पायांवर झेपावणं थांबलं, तर तिला मांजर नको होतं, खेळ हवा होता. आणि खिडकीबाहेर मांजर दिसताच ती शेपटी फुगवून गुरगुरत असेल, तर हा बेत पुन्हा एकदा तपासून बघ.

तरीही आणायचं ठरलं, तर रंग आणि डोळे बघून भुलू नकोस. बघायचा तो स्वभाव आणि अंगातली रग. मनी चार वर्षांची आहे, मध्यम खेळकर आहे. तिला साधारण तिच्याच वयाचं किंवा वर्ष-दोन वर्षांनी लहान, शांत, धीट मांजर जुळेल. पिल्लू प्रौढ मांजर सहसा लवकर स्वीकारतं, कारण त्याच्यापासून हद्दीला धोका वाटत नाही. पण पिल्लाला दिवसभर कुणाच्या तरी शेपटीवर झडप घालायची असते, आणि म्हाताऱ्या किंवा सांधे दुखणाऱ्या मांजराला त्याचा जाच होतो. नर की मादी हा प्रश्न दोघांची नसबंदी झालेली असेल तर दुय्यम. एवढंच लक्षात ठेव, की तरुण बोक्यांना कुस्ती आवडते आणि पुष्कळ माद्यांना अंगावर येणं मुळीच खपत नाही. ज्यांच्याकडून मांजर घेशील त्यांना विचार: ती आधी इतर मांजरांबरोबर राहिली आहे का, आणि तिथे कशी वागत होती? हे उत्तर मला बाकी सगळ्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं. माणसांच्या मांडीवर लोळणारी मांजर दुसऱ्या मांजराशीही प्रेमळ असेलच असं नाही. पिल्लूच घेणार असलीस तर आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेलं नको, बारा आठवडे झालेले असतील तर उत्तम. किती जोरात चावायचं आणि कुठे थांबायचं हे पिल्लू भावंडांशी झोंबतानाच शिकतं.

बोका आणलास तर नसबंदी झाल्या दिवशी तो बदलला असं समजू नकोस. अंगातली संप्रेरकं ओसरायला काही आठवडे जातात, तोवर लघवीचे फवारे मारणं आणि मनीच्या मागे लागणं चालू राहू शकतं.

घरात आणण्याआधी पशुवैद्याकडून ल्युकेमियाच्या विषाणूची आणि एफआयव्हीची (मांजराची प्रतिकारशक्ती खच्ची करणारा विषाणू) रक्ततपासणी करून घे. लागण अगदी ताजी असेल तर ती या तपासणीत दिसत नाही, म्हणून साधारण दोन महिन्यांनी पुन्हा तपासावं लागतं. जंत, पिसवा, कानातले किडे आणि गजकर्णही बघायला सांग. गजकर्ण तर तुलाही होऊ शकतं. मनीच्या लसी वेळेवर झाल्यात ना, तेही बघून ठेव. पॅनल्युकोपेनियाचा (मांजरांचा उलट्या-जुलाबांचा जीवघेणा आजार) विषाणू घरात कित्येक महिने टिकून राहतो आणि साध्या साबणाने जात नाही.

आता खरं काम. नव्या मांजराला किमान दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेव, दार पक्कं बंद. तिथे लिटरचा ट्रे (मांजराच्या शी-शूसाठी, वाळूसारखा भुगा भरलेला), त्यापासून दूर खाणं आणि पाणी, नख्या घासायला काहीतरी आणि लपायला आडवा ठेवलेला खोका एवढं पुरे. ज्या बास्केटमधून आणशील ती उघडी तिथेच राहू दे. पहिले दोन दिवस ती खोक्यातून बाहेर आली नाही तरी ओढून काढू नकोस. ती नीट खायला लागली, ट्रे वापरू लागली, तुला बघून शेपटी वर करून आली, की मग पुढचं. स्वतःच घाबरलेलं मांजर दुसऱ्या मांजरासमोर नेलं की ते आधी हल्ला करतं.

मांजराची ओळख नाकाने होते, डोळ्यांनी नंतर. गालांवर, हनुवटीवर, डोळे आणि कानांच्या मध्ये त्यांच्या गंधग्रंथी असतात. स्वच्छ सुती मोजा हातात घालून नवीच्या गालांवरून फिरव आणि तो मनीच्या वावराच्या जागेत एका कोपऱ्यात ठेव, थेट ताटलीजवळ नको. मनीचा मोजा तिकडे. हुंगून निघून गेली तर छान. फिसकारली तर मोजा तिथेच राहू दे, उद्या नवा ठेव. सगळ्यांचा घोळ इथे होतो: मोज्यावर फिसकारत असताना समोरासमोर आणतात. तीन-चार दिवसांनी अर्ध्या तासाची अदलाबदल कर. मनीला नवीच्या खोलीत सोड आणि नवीला घर बघू दे, मात्र वाटेत गाठ पडू देऊ नकोस.

याच काळात दोघींची जेवणं बंद दाराच्या दोन्ही बाजूंना दे. सुरुवातीला दारापासून पाच-सहा फुटांवर. शांतपणे खाल्लं तर पुढच्या जेवणाला वाटी अर्धा फूट पुढे. थांबली, कान मागे गेले, दाराकडे टक लावली, की वाटी मागच्या जागी. मनीची वाटी तू दिवसभर भरलेली ठेवतेस, ते आता बंद करावं लागेल. भूकच नसेल तर वासाबरोबर काही चांगलं घडतं, हे ती शिकणार कशी?

दोघी दाराला चिकटून खाऊ लागल्या, की दर्शन. जाळीचं दार असेल तर त्यावर चादर टाकून खालचा वीतभर भाग उघडा ठेव. जाळी नसेल तर दार बोटभर उघडून पाचर घट्ट बसव. पाच मिनिटं, खाण्याच्या वेळी, बस. एकदा-दोनदा फिसकारणं हे भांडण नव्हे, "लांब राहा" एवढाच त्याचा अर्थ. मला भीती वाटते ती शांततेची: अंग ताठ, शेपटीचं टोक हलतंय, पापणी न लवता टक. तेव्हा मध्ये पुठ्ठा सरकव आणि खेळणं दाखवून नजर तोड.

खुली भेट आठवडाभर सगळे दिवस निर्विघ्न गेल्यावर. नख्या कापलेल्या, दोघी खेळून दमलेल्या, शक्यतो घरात दोन माणसं. पाच-दहा मिनिटांत संपवायची, चांगलं चाललेलं असतानाच. कुणालाही मांडीवर धरून दुसरीसमोर न्यायचं नाही, बास्केटमध्ये कोंडून तर नाहीच. पळायची वाट नसली की मांजर लढतं. पाळीपाळीने पाठलाग, मध्येच थांबणं, आवाज नाही, नख्या आत, हा खेळ. किंचाळ्या, उडणारे केस, एकच सतत पळतेय, ही मारामारी. त्यात हात घालू नकोस. मोठा पुठ्ठा किंवा उशी मध्ये घाल. वेगळ्या केल्यावर अंधाऱ्या शांत खोल्यांत काही तास, वाटलं तर दिवसभर ठेव. खवळलेली मनी जवळ येणाऱ्या तुझ्यावरही झेपावेल, त्यात तुझ्यावर राग नसतो. चावलीच तर जखम साबणपाण्याने बराच वेळ धू आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. मांजराचे सुळे बारीक भोक पाडून खोल जातात आणि वरून काही दिसत नाही.

घराची मांडणी आत्तापासून बदल. दोन मांजरांना तीन ट्रे, तेही वेगवेगळ्या ठिकाणी. शेजारी-शेजारी ठेवलेले दोन ट्रे मांजराच्या हिशेबी एकच. ट्रेची लांबी मांजराच्या अंगाच्या दीडपट, आणि घाण रोज काढायची. पाणी, खाणं, झोपायच्या जागा निरनिराळ्या कोपऱ्यांत. एक-दोन उंच फळ्या, आणि शक्य तिथे जायला-यायला दोन वाटा. मारामारी सगळ्यांना दिसते. एक मांजर दरवाज्यात नुसतं लोळून दुसरीला ट्रेपर्यंत जाऊ देत नाही, ते कुणाच्या लक्षात येत नाही. मग दुसरी गादीवर मुतते आणि बोलणी तिलाच बसतात.

कुणी चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर थांबू नकोस, पशुवैद्याकडे ने. जाड मांजर उपाशी राहिलं की दोन-तीन दिवसांतही त्याच्या यकृतात चरबी साचून जिवावर बेततं. बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसून कुंथत असेल आणि लघवी होत नसेल, तर रात्र असो की सुट्टी, तसाच उचलून पशुवैद्याकडे. पुढेमागे एकटीलाच तिकडे नेऊन आणलंस, तर परत आल्यावर काही तास तिला वेगळं ठेव. दवाखान्याचा वास अंगाला लागलेला असतो आणि घरचीला ती परकीच वाटते.

किती दिवस लागतील? दोन प्रौढ मांजरांना काही आठवडे सहज, कधी कित्येक महिने. एकमेकींना चाटत, अंगाला अंग लावून झोपल्या तर तुझं नशीब. एकाच खोलीत दोन टोकांना निवांत पडून राहिल्या, तरी मी त्याला यशच म्हणेन.

पुढच्या पत्रात तुझ्या घराचा कच्चा नकाशा काढून पाठव: दारं, खिडक्या, मनीच्या झोपायच्या जागा. नवीची खोली कुठली असावी आणि तिसरा ट्रे कुठे बसेल ते मी त्यावर खुणा करून कळवते.

तुझी,
मीरा